‘फिस्ट २’मधून समोरचा माणूस कुठे गेला?

एका वाचकाने विचारलं आहे : “‘द वे ऑफ द एक्स्प्लोडिंग फिस्ट’ आणि ‘फिस्ट २ : द लेजंड कंटिन्यूज’ हे दोन्ही खेळ मी इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) लागोपाठ खेळलो. पहिल्यात एक स्क्रीन आणि दोन माणसं, बाकी काहीच नाही, तरी रात्रीचा एक कधी वाजला कळलं नाही. दुसऱ्यात जंगल, गुहा, देवळं, ज्वालामुखीतला किल्ला, सगळं आहे. पण अर्ध्या तासात उठलो. खेळ जुना झालाय म्हणून मला तसं वाटतंय, की तो मुळातच फसलेला होता?”

मुळातच फसलेला होता. जुना तर पहिलाही तितकाच आहे, जेमतेम एका वर्षाने थोरला. मी गेली २२ वर्षं लढतीच्या खेळांमधली मारामारी रचण्याचं काम करतो. कुठला फटका किती लांब पोहोचेल, तो चुकला तर खेळणारा किती वेळ उघडा पडेल, हे ठरवायचं काम. या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन खेळ शेजारीशेजारी ठेवून दाखवतो, कारण दोन्ही एकाच घरातले आहेत आणि हालचालीही बऱ्याचशा त्याच. तरीही एकात जीव आहे आणि दुसऱ्यात नाही. हा फरक समजला की निम्मं काम समजलं.

पहिला खेळ १९८५चा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने तो बनवला आणि मेलबर्न हाउस या नावाने विकला. रचना ग्रेग बार्नेट यांची. मूळ कमोडोर ६४साठी, मग स्पेक्ट्रम, अॅमस्ट्रॅड, बीबीसी मायक्रो अशा त्या काळच्या बहुतेक घरगुती संगणकांवर तो गेला. ब्रिटनमध्ये त्या वर्षीच्या गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत तो वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला. त्याच्या आधी, १९८४ साली, जपानच्या टेक्नोसने बनवलेला आणि डेटा ईस्टने काढलेला ‘कराटे चॅम्प’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला होता. दोन माणसं समोरासमोर, नेमका फटका बसला की गुण, ही कल्पना तिथली. पण ‘कराटे चॅम्प’मध्ये प्रत्येक खेळणाऱ्याच्या हातात दोन दांडे असायचे, आणि दोन्हींच्या जुळणीतून वेगवेगळे फटके निघायचे. घरच्या संगणकाला एक जॉयस्टिक आणि तिच्यावर एकच बटण.

बार्नेट यांनी यातून काढलेली वाट मला आजही फार आवडते. दांड्याच्या दिशा ८. बटण न दाबता ८ हालचाली, बटण दाबून आणखी ८. झाल्या १६. ढोबळमानाने बटण सोडलेलं असताना चालणं, उडी, बसणं आणि ठोसे. बटण दाबलं की लाथा. वरच्या बाजूला दांडा म्हणजे उंच मार, खालच्या बाजूला म्हणजे पाय झाडणं. बटण दाबून दांडा वर केला की ती सुप्रसिद्ध उडती लाथ. पाठ करावं लागत नाही, कारण हाताची दिशा आणि अंगाची दिशा जुळते. दहा मिनिटांत बोटांना कळतं. मागे सरकायचा दांडा आणि मार अडवायचा दांडा एकच, म्हणजे घाबरून मागे ओढलेला हात आपोआप बचाव करतो. नवख्याला न शिकवता वाचवणारी ही युक्ती पुढे असंख्य लढतीच्या खेळांनी वापरली, अजून वापरतात.

मात्र हालचालींपेक्षाही मोठी गोष्ट गुणांची. नीट अंतर साधून, नेमक्या क्षणी फटका बसला तर पूर्ण गुण. ओझरता बसला तर अर्धा. दोन पूर्ण गुण झाले की फेरी संपली. मागे एक वृद्ध गुरुजी बसलेले असतात, ते बघत असतात. गुण मिळाला की यिन-यांगचं चिन्ह उमटतं, पडलेला उठतो आणि दोघंही पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. या पुन्हा उभं राहण्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण सगळा खेळ त्यावर उभा आहे. प्रत्येक चकमक त्याच अंतरावरून सुरू होते. त्यामुळे अंतर हीच तुमची भाषा होते. अर्धं पाऊल पुढे टाकलं तर समोरच्याला एक गोष्ट सांगितली, तिथेच थांबलो तर दुसरी. आणि दोन चुका म्हणजे फेरी गेली, म्हणून एकही फटका फुकटचा नसतो. उडती लाथ दिसायला सुंदर, पण हुकली तर खाली उतरेपर्यंत तुमच्या हातात काही उरत नाही. ती मारायची की नाही, या विचारात घालवलेला क्षण हाच खरा खेळ.

भारतात परवान्याने बनलेला डीबी स्पेक्ट्रम आमच्या पुण्याच्या घरी आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. कॅसेट लोड होईपर्यंत टेपरेकॉर्डरच्या आवाजाला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. एकाच कीबोर्डच्या दोन टोकांना मी आणि माझा आतेभाऊ. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला सतत हरवायचा. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की पाय झाडण्याआधी दादा नेहमी एक पाऊल मागे घेतो. त्या दिवशी मी सलग सहा फेऱ्या जिंकलो. सातव्या फेरीला त्याने ते पाऊल मागे घेतलं, मी उडी मारली आणि त्याने पाय झाडलाच नाही. खाली उतरणाऱ्या मला सरळ ठोसा मारला. माझ्या लक्षात आलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं. स्पेक्ट्रमचे दोन रंगांतले ते लहानसे पुतळे, पण त्या क्षणी मला दादाचं डोकं चालताना दिसलं. माझ्या कामाची सुरुवात मी त्या ठोशापासून धरतो.

पुढे ‘फिस्ट २’ची कॅसेट मिळाली तेव्हा आम्ही दोघंही हरखून गेलो होतो. मी खेळायला बसलो. दादा शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “माझी पाळी कधी?” मुख्य खेळात त्याची पाळी नव्हतीच. मी मेलो की तो, एवढंच. तिसऱ्या दिवशी तो मैदानावर निघून गेला.

१९८६ साली आलेल्या या दुसऱ्या भागात एकट्या योद्ध्याची भटकंती आहे. ट्रायग्रामच्या, म्हणजे तीन रेघांच्या चिनी चिन्हांच्या, गुंडाळ्या शोधायच्या, देवळांमध्ये बसून त्यांतून बळ मिळवायचं, वाटेत येणाऱ्या रक्षकांशी आणि जनावरांशी लढायचं, आणि शेवटी ज्वालामुखीतल्या किल्ल्यात बसलेल्या जुलमी सरदाराला गाठायचं. कागदावर हे वाचलं तर मीही आज पैसे मोजेन. बीमला असं करावंसं का वाटलं, हेही समजण्यासारखं आहे. याच कंपनीने १९८२ साली ‘द हॉबिट’ हा शब्दांतून खेळायचा साहसखेळ काढला होता. त्यातली पात्रं आपल्या मर्जीने हिंडायची, खेळणारा तिथे नसतानाही काहीतरी करत राहायची. मोठं जग उभं करायची हौस आणि अनुभव त्या घरात आधीपासून होता. शिवाय त्या वर्षांत घरगुती संगणकाच्या खेळाची किंमत बऱ्याच अंशी आकारावर ठरायची. किती खोल्या, किती स्क्रीन, नकाशा केवढा. एका स्क्रीनच्या खेळाचा पुढचा भाग पुन्हा एका स्क्रीनचाच काढायला हिंमत लागते.

पण जग मोठं केलं तेव्हा पहिल्या खेळाच्या तीन खुंट्या एकदम उपटल्या गेल्या.

अंतराची खुंटी पहिली. आता लढत कुठेही सुरू होते, शत्रू बाजूने चालत येतो, तुम्ही वाटेत असता. दोघं समोरासमोर उभे राहण्याचा तो क्षण नाही. फटका बसला तरी दोघं आपापल्या जागी परत जात नाहीत. तिथेच, अंगाला अंग लागलेलं असताना, पुढचा फटका. मग अंतर मोजायला कुणाला सवड? मी ‘फिस्ट २’ खेळणारी माणसं बघितली आहेत, मी स्वतःही त्यांत आलो. सगळे लवकरच एकदोन सोयीच्या लाथांवर येतात आणि त्याच मारत राहतात. त्यांचा आळस नव्हे हा. खेळानेच त्यांना तसं शिकवलेलं असतं. इतक्या सगळ्या हालचाली जशाच्या तशा ठेवल्या आणि त्यांतल्या बहुतेकांचं कारण काढून घेतलं.

दुसरी खुंटी फटक्याच्या मोलाची. अर्धा गुण, पूर्ण गुण गेलं आणि ताकदीची पट्टी आली. फटका बसला की पट्टी थोडी कमी. या एका बदलाने किती उलथापालथ होते ते बघा. आधी एक चूक म्हणजे अर्धी फेरी. आता एक चूक म्हणजे पट्टीचा एक तुकडा, तोही नंतर भरून निघणारा. आधी नेमक्या फटक्याला ओझरत्याच्या दुप्पट मान होता. आता दहा कसेही बसलेले फटके तेच काम करतात. पट्टी वाईट असते असं मी म्हणत नाही. आजचे जवळजवळ सगळे लढतीचे खेळ पट्टीवरच चालतात. पण पट्टी आणायची तर प्रत्येक फटक्याची किंमत नव्याने मांडावी लागते. कुठला जड, कुठला हलका, कुठल्याने समोरचा पडतो, कुठल्याने तो मागे ढकलला जातो आणि पुन्हा अंतर तयार होतं. या शेवटच्या गोष्टीवर मी माझ्या आयुष्यातले कितीतरी महिने घालवले आहेत. फटका बसल्यावर समोरच्याला नेमकं किती मागे ढकलायचं? थोडं कमी पडलं तर लढत चिकट होते, थोडं जास्त झालं तर तुटते. पहिल्या ‘फिस्ट’ला हा प्रश्न पडलाच नाही, कारण प्रत्येक गुणानंतर तो दोघांना परत जागेवर नेऊन उभं करायचा. दुसऱ्याला तो पडायला हवा होता.

तिसरी खुंटी म्हणजे शेजारी बसलेला दादा. तुमच्या चाली वाचणारा शत्रू जाऊन नुसता चालून येणारा शत्रू आला. पहिल्या खेळातही संगणकाविरुद्ध खेळता यायचं, नवशिक्यापासून वरच्या ‘दान’पर्यंत, म्हणजे कराटेतल्या वरच्या श्रेणीपर्यंत, चढता यायचं, आणि वरचे प्रतिस्पर्धी चांगलेच कठीण होते. पण तेव्हा संगणकाविरुद्ध खेळणं म्हणजे सराव. कशाचा सराव, हे माहीत असायचं. शनिवारी दादा येणार असायचा.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण दोष सगळा इच्छेचा नव्हता. कमोडोर ६४मध्ये ६४ किलोबाइट मेमरी आणि यंत्राचे स्वतःचे ८ स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटी हलवता येणारी छोटी चित्रं. एकेक स्प्राइट २४ बाय २१ ठिपक्यांचा, मेमरीत त्याला ६४ बाइट लागतात. माणसाएवढा दिसणारा योद्धा उभा करायला असे अनेक स्प्राइट जोडावे लागतात. उदाहरणापुरते चार धरा. म्हणजे दोन योद्धे उभे केले की आठही संपले, आणि योद्ध्याच्या एका मुद्रेला २५६ बाइट. लाथ म्हणजे एक मुद्रा नव्हे. उचललेला गुडघा, ताणलेला पाय, परत येणारा पाय अशा तीनचार. शंभर मुद्रा झाल्या की २५ किलोबाइट गेले. आणि हे यंत्र स्प्राइटची डावी-उजवी बाजू स्वतःहून उलटवत नाही, म्हणजे दुसऱ्या बाजूला तोंड केलेल्या मुद्रांसाठी एकतर आणखी जागा द्या, नाहीतर चालू खेळात त्या उलटवण्यासाठी वेळ द्या.

एक स्क्रीन आणि दोन माणसं असताना हा हिशेब छान जमतो, कारण दोघंही त्याच मुद्रा वापरतात, फक्त कपड्याचा रंग वेगळा. पण आता यात जंगल हवं, गुहा हवी, देवळं हवीत, नकाशा हवा, निरनिराळे शत्रू हवेत. मग शत्रू निरनिराळे होतच नाहीत. एकेक जण येतो आणि पुष्कळसा एकसारखाच लढतो. जागा कुठेतरी वाचवावी लागणारच. माझ्या मते ती नकाशातून वाचवायला हवी होती. दहा ठिकाणं कमी आणि तीन शत्रू असे, ज्यांच्याशी तीन वेगळ्या तऱ्हांनी लढावं लागतं. एक जो कधीच पहिला वार करत नाही. एक जो फक्त खालून मारतो. एक जो तुमचीच शेवटची चाल परत करतो. यांना नवी चित्रं लागत नाहीत, थोडा विचार आणि थोडे बाइट लागतात.

चालणं आणि लढणं एकत्र येऊच शकत नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. १९८४ साली अॅपल २वर जॉर्डन मेकनरचा ‘कराटेका’ आला होता. त्यातही एकटा योद्धा, शत्रूचा गड, वाटेत एकेक रक्षक. पण वाट एकच, सरळ. वाट चुकायचा प्रश्नच नाही. आणि धावण्याची मुद्रा वेगळी, लढण्याची वेगळी. लढायचं तर आधी पवित्रा घ्यावा लागतो. पवित्रा घेतला की अंतर पुन्हा बोलायला लागतं, कारण आता तुम्ही पावलापावलाने सरकता. जरा दूर राहिलात तर गेलेली ताकद हळूहळू परत येते, म्हणून मागे हटण्यालाही किंमत येते. मेकनरने पट्टी घेतली आणि ती अंतराशी बांधली. शेवटी, जिला सोडवायला आलात त्या राजकन्येसमोर जातानाही पवित्र्यात गेलात तर ती लाथ मारते आणि खेळ संपतो! पवित्रा म्हणजे काय हे खेळाने इतक्या मनावर घेतलंय की शेवटचा धडाही त्याचाच. ‘फिस्ट २’च्या दोन वर्षं आधी हे उत्तर जगासमोर होतं.

‘फिस्ट २’चीच चूक पुढे पॅलेस सॉफ्टवेअरने केली. स्टीव्ह ब्राउनचा ‘बार्बेरियन’ १९८७चा : दोन तलवारी, एक मैदान, आणि एका फिरत्या घावाने मान उडवण्याची मुभा. तो घाव हळू, तयारीचा, सहज दिसणारा. म्हणून तो बसला की खोलीत आरोळी उठायची. पुढच्याच वर्षी ‘बार्बेरियन २’ आला, दुष्ट जादूगार ड्रॅक्सच्या तळघरांतून हिंडणारा, एकट्याने खेळायचा. राक्षस बघण्यासारखे आहेत, राजकन्या मारियाना होऊनही खेळता येतं, आणि चित्रकाराच्या हाताला मी मनापासून दाद देतो. पण वाटा शोधण्यातच जीव जातो, आणि ज्या घावासाठी पहिला खेळ लोकांना आठवतो तो आता कुणाला दाखवायचा?

उलट उदाहरण आर्चर मॅक्लीन यांचं. सिस्टिम ३साठी त्यांनी केलेला ‘इंटरनॅशनल कराटे’ हा ‘फिस्ट’चा सख्खा शेजारी. १९८७ साली त्याचा पुढचा भाग आणताना, ‘आयके प्लस’मध्ये, त्यांनी मैदान एकच ठेवलं आणि त्यात तिसरा माणूस आणून उभा केला. पांढरा, तांबडा, निळा. दोन माणसं खेळली तरी तिसरा संगणकाचा असतो. एवढ्याने सगळं बदलतं. तुम्ही समोरच्याकडे बघत असता आणि पाठीमागून लाथ येते. दोन मित्र ठरवून तिसऱ्याला पाडतात आणि मग एकमेकांकडे बघतात. नकाशा एका इंचानेही वाढला नाही, पण विचार करायच्या गोष्टी कितीतरी वाढल्या. रॉब हबर्ड यांचं संगीत, मधल्या फेऱ्यांत ढालीने चेंडू परतवणं आणि बॉम्ब लाथेने उडवणं हे वरचं तूप. १९८८ साली ‘एक्स्प्लोडिंग फिस्ट प्लस’ आला, फायरबर्डकडून, आणि त्यातही तिघंच होते. पण तोवर ती जागा ‘आयके प्लस’ने घेऊन झाली होती.

एक आठवण सांगणं भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या स्टुडिओत होतो तिथे आमचा एक दोघांचा लढतीचा खेळ बऱ्यापैकी चालला, आणि पुढच्या भागात ‘जग मोठं करायचं’ असं ठरलं. मी बैठकीत ‘फिस्ट २’ लावून दाखवला. सगळ्यांनी मान डोलावली, आणि आम्ही मोठं जगच केलं. नवव्या महिन्यात तपासणीला आलेल्या दोन मुलींनी कंट्रोलर हातात घेऊन विचारलं, “दोघींनी कुठून खेळायचं?” मला आत कुठेतरी आतेभावाचा आवाज ऐकू आला. तो खेळ बाजारात आलाच नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं, कारण त्यातली मारामारी चांगली होती. तिला उभं राहायला जागा दिली नव्हती.

‘फिस्ट २’ अजिबात खेळू नये असं मात्र मी म्हणणार नाही. नील ब्रेनन यांचं संगीत शांत आहे, घाई करत नाही, आणि कमोडोरच्या आवाजाच्या चिपमधून त्यांनी एक ओलसर, निर्जन प्रदेश उभा केला आहे. नुसतं हिंडण्यासाठी म्हणून, लढतीची अपेक्षा बाजूला ठेवून, रात्री हेडफोन लावून वीस मिनिटं बघा.

आणि पहिला पुन्हा खेळणार असाल तर दोन गोष्टी. इम्युलेटर पाल या टीव्हीच्या पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला ५० चौकटींवर ठेवा. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर तो ६०ने धावतो आणि फटके वाचायला मिळणारा वेळ कमी होतो. माणसाला दिसून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे ५०च्या हिशेबाने बारातेरा चौकटी, आणि खेळाची सगळी मापं त्याच वेगावर जुळवलेली आहेत. दुसरी गोष्ट, संगणकाविरुद्ध नको. कुणालातरी घरी बोलवा, दुसरी जॉयस्टिक त्यांच्या हातात द्या, आणि पहिल्या दहा फेऱ्या त्यांना उडत्या लाथा मनसोक्त मारू द्या. अकराव्या फेरीला ते थांबतील आणि तुमच्या पायांकडे बघायला लागतील.